कोल्हापूर ते तिरुपती विमानाने: अंतराचा आणि वेळेचा हिशेब पायरीपायरीने

‘कोल्हापूर–तिरुपती विमानाने किती वेळ लागतो?’ हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा मोबाइलवर शोधून झालेलं असतं. कुठे ५० मिनिटं दिसलेली असतात, कुठे सव्वा तास, तिकिटावर पावणेदोन तास. अंतराचंही तसंच: एका ठिकाणी ३५५, दुसरीकडे ४०८, तिसरीकडे ६५७, आणि नकाशाचं ॲप ८०० किलोमीटरच्या आसपास सांगतं. यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे, आणि आपण ते एकमेकांत मिसळतो.

मिसळलं की काय होतं ते आमच्या घरातच झालं. मावशीच्या मंडळींनी ३०० रुपयांच्या विशेष दर्शनाची वेळ विमानाच्या वेळेवरून धरली. विमान वेळेवर उतरलं, तरी मंडळी तिरुमलाच्या डोंगरावर, देवळापाशी पोचेपर्यंत वेळ टळून गेली होती. हिशेब फक्त आकाशातल्या पावणेदोन तासांचा केला होता, जमिनीवरचे चार तास कोणी मोजलेच नव्हते.

म्हणून खाली तीन वेगळे हिशेब आहेत: हवाई अंतर, विमानाचा वेळ, आणि घरापासून मुक्कामापर्यंतचा वेळ. याच क्रमाने करा. उदाहरण तिरुपतीचं घेतलं आहे, पण हीच रीत नागपूर, हैदराबाद, बेंगळुरू, कशालाही लागू पडते.

## तयारी: कागदावर आधी काय लिहून घ्यायचं

एक कोरा कागद आणि ‘कॉस’ची (cos) कळ असलेला कॅल्क्युलेटर एवढं पुरतं. मोबाइल आडवा धरला की बहुतेक फोनांत ही कळ दिसते. कागदावर या गोष्टी लिहा:

- दोन्ही विमानतळांची तीन अक्षरी संकेतनावं. कोल्हापूर केएलएच, तिरुपती टीआयआर.
- दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश. शहरांचे नव्हे, विमानतळांचे.
- त्या मार्गावर कोणत्या जातीचं विमान उडतं: पंख्याचं एटीआर की एम्ब्राएरसारखं जेट. तिकीट काढताना ‘फ्लाइट डिटेल्स’मध्ये हे लिहिलेलं असतं.
- विमान कोणत्या वारी आहे. जायचे वार आणि यायचे वार वेगळे असू शकतात.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबा. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. छोट्या विमानतळांवर तर या दोन तारखांना आख्खे मार्ग सुरू होतात किंवा बंद पडतात. गेल्या दिवाळीत शेजाऱ्यांना थेट विमान मिळालं होतं म्हणून यंदाच्या मे महिन्यात ते असेलच असं धरू नका. आपण जाणार त्या आठवड्याचं वेळापत्रक बघा.

सावधान: संकेतनाव नीट वाचा. तिरुपती टीआयआर आणि तिरुवनंतपुरम टीआरव्ही; यादीत एकाखाली एक येतात आणि घाईत बोट चुकीच्या नावावर पडतं. मुंबईचंही आता तसंच झालं आहे. जुना विमानतळ बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. गोव्यात दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. शहराचं नाव एकच, पण दोन विमानतळांमध्ये रस्त्याने तास-दीड तास, कधी त्याहून जास्त.

## टप्पा १: अक्षांश-रेखांश दशांशात आणा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि इथली चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात उतरते.

उजळाईवाडीच्या आपल्या विमानतळाचं स्थान १६ अंश ३९ कला ५३ विकला उत्तर, ७४ अंश १७ कला २२ विकला पूर्व असं लिहिलेलं सापडतं. (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा भाग.) अनेक जण हे सरळ १६.३९ आणि ७४.१७ असं कॅल्क्युलेटरवर टाकतात. हे चूक आहे. एका अंशात ६० कला असतात, १०० नव्हे. साडेतीन तास आपण ३.३० न लिहिता ३.५ लिहितो, तसंच हे.

बरोबर रीत अशी: कलांना ६० ने भागा, विकलांना ३६०० ने भागा, आणि दोन्ही अंशात मिळवा.

- ३९ ÷ ६० = ०.६५००
- ५३ ÷ ३६०० = ०.०१४७
- म्हणजे कोल्हापूरचा अक्षांश १६.६६४७

त्याच रीतीने रेखांश ७४.२८९४ येतो. तिरुपतीचा विमानतळ, म्हणजे रेणिगुंट्याचा, १३ अंश ३७ कला ५७ विकला आणि ७९ अंश ३२ कला ३६ विकला आहे. दशांशात ते १३.६३२५ आणि ७९.५४३३ होतं.

१६.३९ आणि ७४.१७ धरले तर काय बिघडतं? आपला विमानतळ उजळाईवाडीतून उचलून ३३ किलोमीटर नैर्ऋत्येला, गारगोटीच्या बाजूला जाऊन पडतो.

पडताळणी: दशांशातले दोन्ही आकडे नकाशाच्या ॲपमध्ये टाका, आधी अक्षांश, मग स्वल्पविराम, मग रेखांश. खूण धावपट्टीवर पडली पाहिजे. गावात, शेतात किंवा अरबी समुद्रात पडली, तर पुन्हा मागे जा. महाराष्ट्रातल्या कोणत्याही ठिकाणासाठी लहान आकडा, साधारण १५ ते २२, हा अक्षांश असतो आणि मोठा, ७२ ते ८१, हा रेखांश. उलट टाकले तर खूण उत्तर ध्रुवाच्या दिशेने कुठल्या कुठे जाते.

## टप्पा २: हवाई अंतर काढा

पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दोन ठिकाणांमधलं सर्वांत जवळचं अंतर एका मोठ्या वर्तुळाच्या कंसावर मोजतात. त्याचं पूर्ण सूत्र लांबलचक आहे. पण भारतातल्या भारतात, हजारेक किलोमीटरच्या आतल्या अंतरासाठी, शाळेतल्या काटकोन त्रिकोणाच्या हिशेबाने निघणारं उत्तर इतकं जवळ येतं की आपल्या कामाला तेच पुरतं.

१. दोन्ही अक्षांशांतला फरक काढा: १६.६६४७ − १३.६३२५ = ३.०३२२. याला १११.२ ने गुणा. ३३७ किलोमीटर. हे उत्तर-दक्षिण अंतर झालं.

२. दोन्ही रेखांशांतला फरक काढा: ७९.५४३३ − ७४.२८९४ = ५.२५३९. याला १११.२ ने गुणा. ५८४ किलोमीटर.

३. हे ५८४ अजून कच्चं आहे. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात. म्हणून दोन्ही अक्षांशांची सरासरी घ्या, १५.१५ अंश, आणि तिचा कॉस काढा: ०.९६५. ५८४ × ०.९६५ = ५६४ किलोमीटर. हे पूर्व-पश्चिम अंतर.

४. दोन्हींचे वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा. उत्तर ६५७ किलोमीटर.

तिसरी पायरी गाळणारे बरेच असतात. गाळली तर उत्तर ६७४ ते ६७५ येतं. फरक १७ किलोमीटरचाच, कारण आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही. पण हाच हिशेब उत्तरेकडच्या, श्रीनगर-अमृतसरच्या बाजूच्या पूर्व-पश्चिम मार्गाला लावलात तर चूक बरीच मोठी होते. सवय बरोबरच लावून घ्या.

सावधान: कॅल्क्युलेटरवर कोपऱ्यात ‘डीईजी’ (DEG, म्हणजे अंश) दिसतंय का ते बघा. ‘आरएडी’ (RAD) दिसत असेल तर तो रेडियनमध्ये, म्हणजे कोनाच्या दुसऱ्याच एककात मोजतोय. ओळखायची सोपी खूण म्हणजे १५.१५ चा कॉस ऋण आला, साधारण उणे ०.८५, तर नक्की हीच गडबड आहे.

याच रीतीने कोल्हापूरहून हवाई अंतरं अशी येतात: मुंबईचा जुना विमानतळ ३०९, हैदराबाद ४४५, बेंगळुरू ५३२, नागपूर ७०२, अहमदाबाद ७३४ किलोमीटर. एखादं स्वतः करून बघा. पाच किलोमीटरच्या आत उत्तर आलं तर रीत हाताला बसली.

### मैल, नॉटिकल मैल आणि किलोमीटर

सुरुवातीला जे ३५५, ४०८ आणि ६५७ सांगितले, ते तिन्ही हेच अंतर आहे. वैमानिक आणि हवाई वाहतुकीचं सगळं कामकाज नॉटिकल मैलात चालतं. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आपण लहानपणी शिकलो तो जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. ६५७ ला पहिल्याने भागलं तर ३५५, दुसऱ्याने भागलं तर ४०८.

वेगाचंही तसंच. ‘नॉट’ म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल. २७५ नॉट वाचून कोणी २७५ किलोमीटर वेग धरला, तर हिशेबात विमानाचा वेग जवळपास निम्म्यावर येऊन बसतो. २७५ नॉट म्हणजे तासाला साधारण ५१० किलोमीटर.

अंतर आणि वेग एकाच मापात असल्याशिवाय भागाकार करू नका. कागदावर प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायची सवय ठेवा. मी अजूनही लिहितो.

### रस्त्याचं अंतर इथे आणू नका

कोल्हापूर–मुंबई रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, हवेतून ३०९. तिरुपतीला रस्त्याने कसं जाता त्यावर ८०० च्या वर-खाली, हवेतून ६५७. रस्ता घाट बघून, नदीचा पूल बघून, गावं जोडत जातो. त्या आकड्याला विमानाच्या वेगाने भागून काही हाती लागत नाही. उलटंही तितकंच चूक. हवाई अंतर बघून ‘गाडीने दहा तासांत पोचू’ असं ठरवणारेही मी बघितले आहेत.

## टप्पा ३: विमानाचा वेळ काढा

६५७ ला ८०० ने भागलं की ५० मिनिटं येतात. अंतर सांगणाऱ्या बऱ्याच साइट हेच करतात, कारण त्या सरसकट मोठं जेट धरतात. आपल्या विमानतळावर बहुधा एटीआर किंवा एम्ब्राएर जातीची छोटी विमानं येतात. एटीआर ७२ चा वरचा स्थिर वेग तासाला ५०० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणून आधी तो वेग बदला.

मग दुसरी दुरुस्ती. विमान सरळ रेषेत जात नाही. ते ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, निघताना धावपट्टीच्या दिशेनेच उडतं, उतरताना धावपट्टीच्या तोंडाशी येण्यासाठी वळसा घेतं. आपल्या मापाच्या मार्गांसाठी सरळ अंतरात ५ टक्के वाढवून धरा. ६५७ चे ६९० झाले. ६९० ÷ ५०० = १.३८ तास.

सावधान: १.३८ तास म्हणजे १ तास ३८ मिनिटं नव्हे! ०.३८ ला ६० ने गुणा. १ तास २३ मिनिटं. अक्षांशात झाली होती तीच चूक इथे उलट्या बाजूने होते.

तिसरी दुरुस्ती म्हणजे सुरुवात आणि शेवट. विमान जागेवरून हलतं, धावपट्टीपर्यंत जातं, चढताना वेग कमी असतो, उतरतानाही कमी, आणि उतरल्यावर पुन्हा थांब्यापर्यंत येतं. यासाठी २० ते २५ मिनिटं मिळवा. १ तास २३ आणि २२ मिनिटं मिळून १ तास ४५ मिनिटं.

तिकिटावर छापलेला वेळ हाच असतो: जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा. हवेतला नव्हे. विमान कंपन्या त्यात थोडी उशिराची सोयही धरून ठेवतात. त्यामुळे तुमचं उत्तर आणि तिकिटावरचा वेळ यांत दहा-पंधरा मिनिटांचा फरक आला तर हिशेब बरोबर आहे असं समजा. अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक आला तर तीन गोष्टी तपासा: विमानाची जात, एकक, आणि मध्ये कुठे थांबा आहे का.

हाच मार्ग जेटने असेल तर सरासरी वेग ७५० धरा. ६९० ÷ ७५० म्हणजे ५५ मिनिटं, अधिक २५, एक तास वीस मिनिटं. छोट्या अंतरात जेटचा फायदा वाटतो तेवढा होत नाही. सुरुवात आणि शेवटाची वीस-पंचवीस मिनिटं दोघांनाही तेवढीच लागतात. हैदराबादला एटीआरने एक तास वीस मिनिटांच्या आसपास लागतात. मुंबईच्या मार्गाला मात्र पाच-दहा मिनिटं जास्तीची ठेवा. तिथे आकाशात रांग लागली तर विमानाला घिरट्या घालत थांबावं लागतं.

### वारा

तिरुपती कोल्हापूरच्या आग्नेयेला आहे. जाताना पाठीमागून तासाला ४० किलोमीटरचा वारा मिळाला तर जमिनीच्या हिशेबाने वेग ५४० होतो आणि १ तास २३ मिनिटांचे १ तास १७ होतात. तोच वारा समोरून आला तर वेग ४६० आणि वेळ दीड तास. एकाच मार्गावर जायचा आणि यायचा वेळ वेगळा छापलेला दिसतो, त्यामागचं एक कारण हेच. विमान जितकं हळू, तितका वाऱ्याचा परिणाम मोठा. एटीआरला तो जेटपेक्षा जास्त जाणवतो. एवढं माहीत असलं की पुरे, प्रवाशाने याहून खोलात जायची गरज नाही.

पडताळणी: फ्लाइटरडार२४ सारख्या साइटवर तुमच्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या सात दिवसांच्या प्रत्यक्ष वेळा बघा. तीच विमानं, तोच मार्ग, त्याच ऋतूत. माझा सगळ्यात जास्त भरवसा या सात ओळींवर असतो. तुमचा हिशेब, तिकिटावरचा वेळ आणि या सात ओळी जवळपास जुळल्या तरच पुढे जा.

## टप्पा ४: थेट नसेल तर मधल्या थांब्याचा हिशेब

थेट विमान नसलेल्या हंगामात बहुतेक लोक हैदराबादमार्गे जातात. अंतर असं होतं: कोल्हापूर–हैदराबाद ४४५, हैदराबाद–तिरुपती ४१९, एकूण ८६४ किलोमीटर. थेटपेक्षा २०७ किलोमीटर जास्त.

पण वेळेचा हिशेब करताना हे ८६४ एकत्र घेऊन ५०० ने भागू नका. दोन उड्डाणं म्हणजे सुरुवात-शेवटाची वीस-पंचवीस मिनिटं दोनदा. प्रत्येक भागाचा वेळ स्वतंत्र काढा, एक तास वीस आणि एक तास पंधराच्या आसपास, आणि मध्ये थांब्याचा वेळ घाला.

थांबा किती हवा, ते तिकीट एक आहे की दोन यावर ठरतं. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर (तिकिटाच्या बुकिंग क्रमांकावर) असली तर सामान सहसा थेट तिरुपतीला जातं (कोल्हापूरच्या काउंटरवर विचारून खात्री करा, सामानाच्या चिठ्ठीवर टीआयआर लिहिलंय का ते बघा), आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय लावणं कंपनीची जबाबदारी असते. अशा तिकिटाला दीड-दोन तास पुरतात.

थोडे पैसे वाचतात म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं काढली, तर हैदराबादला सामान पट्ट्यावरून घ्यायचं, बाहेर यायचं, पुन्हा आत जाऊन सामान द्यायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी. पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी देणंघेणं नसतं, तिकिटाचे पैसे जातात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी हा मार्ग सुचवतच नाही. घ्यायचाच असेल तर मध्ये तीन तासांहून कमी ठेवू नका.

## टप्पा ५: घरापासून मुक्कामापर्यंत

खरा वेळ इथे जातो. राजारामपुरीतल्या घरापासून तिरुमलाच्या डोंगरापर्यंतचा, थेट एटीआरचा, सगळं सुरळीत असतानाचा हिशेब असा:

- घर ते उजळाईवाडी: ३० मिनिटं
- विमान सुटण्याआधी विमानतळावर: ९० मिनिटं
- विमान: १०५ मिनिटं
- उतरून, सामान घेऊन बाहेर: २५ मिनिटं
- रेणिगुंटा ते अलिपिरी (डोंगराच्या पायथ्याचा तपासणी नाका): ४५ मिनिटं
- अलिपिरीची तपासणी आणि घाट: ६० मिनिटं

एकूण ३५५ मिनिटं. सहा तासांना पाच कमी. विमान यातलं एक तृतीयांशही नाही.

प्रत्येक ओळीत लोक कुठे कमी धरतात ते सांगतो.

घर ते विमानतळ. शहरातून विमानतळ नऊ-दहा किलोमीटर. शाहू टोल नाक्यावरून उजळाईवाडीला रिकाम्या रस्त्याने वीस मिनिटंही लागत नाहीत, पण सकाळी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीच्या शिफ्टच्या वेळेला महामार्गाजवळ गाड्या तुंबतात. कागल, निपाणी, गडहिंग्लजकडून येणाऱ्यांना विमानतळ शहराच्या अलीकडेच लागतो, त्यांनी कावळा नाक्यापर्यंत येऊन परत फिरायचं कारण नाही. सांगली, जयसिंगपूर, वडगावच्या लोकांना मात्र शिरोलीजवळ पंचगंगा ओलांडून यावं लागतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात महामार्ग तिथेच पाण्याखाली गेला होता.

पावसाळ्यातली पडताळणी: जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या दोन दिवस आधीपासून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत राहा. ३९ फुटांला इशारा पातळी, ४३ फुटांला धोका पातळी. पाणी ३९ च्या पुढे चढतच असेल आणि तुम्ही नदीच्या पलीकडचे असाल, तर आदल्या दिवशीच अलीकडे पाहुण्यांकडे मुक्कामाला या. पावसाळ्यात सकाळचे ढग खाली उतरले तर विमानं उशिरा येतात, कधी उतरू न शकल्याने दुसरीकडे वळवली जातात. पावसाळ्याच्या हिशेबात म्हणून मी दोन तास जास्तीचे धरतो.

विमानतळावरचे ९० मिनिटं. ‘आपला विमानतळ केवढासा, अर्धा तास आधी गेलं तरी चालतं’ हे वाक्य विसरा. विमानतळ लहान असला तरी काउंटर बंद व्हायची वेळ लहान होत नाही. सामान घ्यायचं काउंटर कंपनीनुसार विमानाच्या पाऊण ते एक तास आधी बंद होतं, बोर्डिंग गेट साधारण २५ मिनिटं आधी. नेमकी वेळ तिकिटावर छापलेली असते, ती कागदावर उतरवा. वेब चेक-इन घरीच करा. पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवू नका; ती बॅग परत बोलावून उघडायला लावतात आणि त्यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात.

उतरल्यावर. विमानाची चाकं टेकली म्हणजे तुम्ही पोचलात असं नाही. सामान पट्ट्यावर यायला वेळ लागतो, गाडी शोधायला लागतो. सात-आठ जणांचं कुटुंब असेल तर पंचवीसऐवजी चाळीस मिनिटं लिहा.

रेणिगुंटा ते तिरुमला. तिरुपतीला उतरलो म्हणजे देवाच्या दारात उतरलो असं समजणारे पुष्कळ. विमानतळ रेणिगुंट्याला, शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास. शहराच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी अलिपिरीचा नाका. तिथून डोंगर चढून तिरुमला. अलिपिरीला प्रत्येक गाडी आणि सामान तपासलं जातं. शनिवार-रविवार, सुट्ट्या आणि ब्रह्मोत्सवाच्या, म्हणजे तिरुमलाच्या मोठ्या वार्षिक उत्सवाच्या दिवसांत या नाक्यावरच तास निघून जातो. त्या काळात शेवटच्या ओळीतले ६० मिनिटांचे १२० करा.

## टप्पा ६: उलटीकडून मोजा

पुढे मोजत गेलं की माणूस प्रत्येक ठिकाणी थोडं-थोडं कमी धरतो. म्हणून ज्या वेळेला पोचायचंच आहे तिथून मागे या. समजा दर्शनाची वेळ दुपारी ४ ची आहे.

- रांगेत उभं राहायच्या एक तास आधी डोंगरावर: ३ वाजता
- बाहेर येणं, रस्ता, घाट मिळून २ तास १० मिनिटं मागे: विमान १२.५० ला उतरलं पाहिजे
- विमानाचे १ तास ४५ मिनिटं मागे: ते ११.०५ ला सुटलं पाहिजे
- दीड तास मागे: ९.३५ ला विमानतळावर
- घरातून: ९.०५

आता त्या दिवशीचं विमान बघा. ते ११.०५ किंवा त्याआधीचं असेल तर कागदावर तरी जमतं. १२ चं असेल तर जमत नाही, आणि ‘धावतपळत होईल’ असं म्हणून ते तिकीट काढू नका.

कागदावर जमलं तरी एक प्रश्न उरतो: विमान उशिरा झालं तर? छोट्या मार्गांवर एकच विमान दिवसभर चार-पाच गावांच्या फेऱ्या करतं. सकाळी पहिल्या गावी अर्धा तास उशीर झाला की तो संध्याकाळपर्यंत वाढत जातो. तुमच्या विमानाआधी तेच विमान कुठून येतंय ते ट्रॅकर साइटवर बघा. ते तिकडून सुटलंच नसेल तर इकडे ते वेळेवर सुटणं शक्य नाही. आणि त्या मार्गावर दिवसाला एकच विमान, तेही ठरावीक वारीच असेल, तर रद्द झाल्यावर दुसरा पर्याय त्या दिवशी नसतो.

म्हणून दर्शनाची वेळ ठरलेली असेल, लग्नाचा मुहूर्त असेल, परीक्षा किंवा दवाखान्याची तारीख असेल, तर आदल्या दिवशी पोचा. एका रात्रीच्या खोलीचं भाडं चुकलेल्या दर्शनापेक्षा स्वस्त पडतं.

## दुसऱ्या विमानतळाशी तुलना करायची असेल तर

बेळगावहून किंवा पुण्याहून विमान स्वस्त दिसतं तेव्हा टप्पा ५ चा तक्ता पुन्हा मांडा, फक्त पहिली ओळ बदलून. बेळगावचा सांबरा विमानतळ कोल्हापूरहून सव्वाशे किलोमीटरच्या आत, पहिल्या ओळीत ३० च्या जागी १५० मिनिटं लिहा. पुण्याचं लोहगाव पाच तासांच्या खाली धरू नका. सातारा–कागल महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामात गाडी कुठे अडकेल ते सांगता येत नाही. तिकिटात वाचलेले पैसे आणि गाडीचं भाडं-टोल शेजारीशेजारी लिहा. चौघांचं कुटुंब असेल तर बेळगाव कधीकधी परवडतं. एकटा माणूस पुण्याला जाऊन विमान पकडतो तेव्हा वेळ आणि पैसे दोन्ही बहुतेक वेळा जास्तच जातात. कोल्हापूर–तिरुपती रेल्वेगाडीशी, हरिप्रिया एक्स्प्रेसशी तुलना करणाऱ्यांनीही हाच तक्ता वापरावा, पण विमानाच्या बाजूला पूर्ण सहा तास लिहावेत, पावणेदोन नव्हे.

## परतीचा कागद वेगळा

परतीचा हिशेब म्हणजे जायचाच उलटा करून लिहिला, असं होत नाही. डोंगर उतरायचा असतो, वाटेत तपासणी नसते, पण दर्शन किती वाजता संपेल ते आपल्या हातात नसतं. रांगेतून बाहेर आल्यावर लाडूचा प्रसाद, जोडे आणि जमा केलेले मोबाइल घेणं, यात तास-दीड तास जातो. दर्शनाच्या दिवशीच परतीचं विमान ठेवू नका. ठेवावंच लागलं तर तिरुमलाहून निघायची वेळ विमानाच्या सुटण्याआधी चार तास धरा, आणि त्या वेळेला जो तयार असेल त्याला घेऊन गाडी खाली न्यायची हे आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगून ठेवा. गाडीवाल्याचा नंबर एकाच्याच फोनमध्ये न ठेवता दोघांच्या वहीत लिहा. मंदिरात मोबाइल नेता येत नाहीत, आणि बाहेर आल्यावर पहिल्यांदा हाच नंबर लागतो.